ट्रॅप कॅमेऱ्याला बाहेरची बॅटरी जोडताना: आधी व्होल्टेज, मग बाकी सगळं

दिवसाचे फोटो येतात, रात्रीचे येत नाहीत. किंवा आठवडाभर सगळं सुरळीत, मग कॅमेरा अचानक बंद, आणि बॅटरी तपासावी तर ती अजून अर्धी भरलेली. यावल-रावेरच्या केळीत, चोपड्याच्या मक्यात किंवा चाळीसगावकडे डोंगरालगतच्या मळ्यात ट्रॅप कॅमेरा (समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा) लावणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा याच दोन असतात. त्यावर जो तो एकच उपाय करतो: आणखी मोठी बॅटरी. तिथेच पैसे वाया जातात. मोठी बॅटरी चुकीच्या व्होल्टेजची असेल तर कॅमेरा जळतो. मधे व्होल्टेज कमी करणारा कन्व्हर्टर घातला तर तोच निम्म्याहून जास्त वीज खातो. वायर बारीक असेल तर बॅटरी ट्रॅक्टरची लावली तरी रात्रीचे फोटो येणार नाहीत.

म्हणून खालचा क्रम बदलू नका. बॅटरीची खरेदी चौथ्या पायरीवर आहे, पहिल्या नव्हे.

हाताशी काय हवं

डिजिटल मल्टीमीटर (साधा चालतो, पण हवाच), कॅमेऱ्याचं माहितीपत्रक, दोन रंगांची तांब्याची वायर, गाडीत असतो तसा पात्याचा फ्यूज आणि त्याचं होल्डर, सीसीटीव्हीवाले वापरतात ती स्क्रूची डीसी पिन, झाकणाचा प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स, जुन्या ठिबकची १६ मिमी लॅटरल नळी आणि तिचे रबरी ग्रोमेट (भोकात बसवायची कडी). शेवटच्या दोन वस्तू खान्देशात कुठल्याही शेतघरात पडलेल्या सापडतील. त्यांचं काम पुढे येतं.

पायरी १: आधी गळती बंद करा

कॅमेरा नुसता वाट पाहत बसलेला असतो तेव्हा जवळपास काहीच खात नाही. खर्च होतो तो फोटो काढताना, आणि त्यातही रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात तेव्हा. त्यामुळे फुकटचे फोटो थांबवले की बॅटरी न बदलताही दिवस वाढतात.

केळीच्या बागेत फुकटच्या फोटोंचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पान. वाऱ्याने चिरलेलं, उन्हात तापलेलं पान सेन्सरसमोर हललं की कॅमेऱ्याला ते जनावर वाटतं. मृगबागेची (मृगात लावलेल्या केळीची) पानं आडवी वाढून कॅमेऱ्यासमोर येतात तेव्हा एका दुपारीच कार्ड भरू शकतं. समोरच्या चार-पाच मीटर पट्ट्यातली लोंबती पानं आणि उंच गवत काढा. कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवू नका. उगवता-मावळता सूर्य समोर आला की तेच होतं. उत्तरेकडे तोंड सगळ्यात बरं.

मग सेटिंग:

- व्हिडिओची खरंच गरज आहे का ते ठरवा. रानडुक्कर कुठल्या बाजूने शिरतं एवढंच पाहायचं असेल तर फोटो पुरे.
- एका ट्रिगरला, म्हणजे सेन्सरला एकदा हालचाल कळली की, तीन फोटोंऐवजी एक.
- दोन ट्रिगरमधलं अंतर किमान ३० सेकंद. कळप आला तर तो तेवढा वेळ थांबतोच.
- संवेदनशीलता मे महिन्यात जास्त आणि हिवाळ्यात मध्यम. भर उन्हाळ्यात भोवतालचं तापमान जनावराच्या अंगाएवढं होतं, तेव्हा सेन्सरला फरकच कळत नाही.

> तपासा: आतल्या सेलवर कॅमेरा दोन-तीन रात्री ठेवा आणि रिकामे फोटो मोजा. निम्म्याहून जास्त रिकामे असतील तर पुढे जाऊ नका. जागा किंवा कोन बदला.

पायरी २: कॅमेरा किती व्होल्टचा आहे ते वाचा, सेल मोजून ठरवू नका

इथली चूक सगळ्यात महाग पडते. आठ पेन्सिल सेल, प्रत्येकी दीड व्होल्ट, म्हणजे बारा व्होल्ट, असा सरळ हिशेब लोक करतात. पण आठ सेलच्या अनेक कॅमेऱ्यांत चार-चार सेलच्या दोन ओळी एकमेकींना समांतर जोडलेल्या असतात. तो कॅमेरा ६ व्होल्टचा. त्याला १२ व्होल्टची बॅटरी दिली की खेळ खलास. दुकानात कोणी ‘काही होत नाही भाऊ, लावून टाका’ म्हणालं तरी ऐकू नका.

कॅमेऱ्याच्या बुडाला, बाहेरच्या पिनेच्या भोकाजवळ किंवा माहितीपत्रकात व्होल्टेज लिहिलेलं असतं: ६ व्होल्ट, १२ व्होल्ट, किंवा ‘६ ते १२’ असा पट्टा. काही नव्या कॅमेऱ्यांना ५ व्होल्टचा यूएसबी-सी असतो. लिहिलेलं सापडलं नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून शोधा. अंदाजाने जोडू नका.

तिथेच आणखी दोन गोष्टी टिपून घ्या. एक, प्लस आत की बाहेर. भोकाजवळ छोटी आकृती असते, मधल्या ठिपक्याला प्लस जोडलेला दाखवला असेल तर प्लस आत. बहुतेक कॅमेऱ्यांत तसंच असतं, पण ‘बहुतेक’वर कॅमेरा पणाला लावू नये. दोन, पिनेचं माप. सीसीटीव्हीची पिन ५.५ × २.१ मिमी असते. पुष्कळ ट्रॅप कॅमेऱ्यांना तीच बसते, काहींना ३.५ × १.३५ मिमीची बारीक पिन लागते. २.५ मिमी भोकाची पिन २.१ च्या जागी बसल्यासारखी वाटते, पण आत सैल राहते. वारा सुटला की कनेक्शन जातं-येतं, आणि मग माणूस दोष बॅटरीत शोधत बसतो.

> सावधान: मोबाइलची पॉवर बँक चालणार नाही. कॅमेरा झोपेत इतका कमी करंट घेतो की पॉवर बँकेला काही जोडलेलंच नाही असं वाटतं आणि ती थोड्या वेळात स्वतःहून बंद होते. ६ व्होल्टच्या कॅमेऱ्याला तिचे ५ व्होल्ट मुळातच कमी पडतात.

पायरी ३: कागदावर हिशेब

आकडे कॅमेऱ्यागणिक बदलतात. रीत कळावी म्हणून ६ व्होल्टच्या एका मध्यम कॅमेऱ्याचा नमुना घेऊ.

झोपेतला करंट ०.३ मिलिअँपिअर धरला तर २४ तासांचे साधारण ७ मिलिअँपिअर-अवर (करंट गुणिले तास, बॅटरीतला साठा याच मापात मोजतात). रात्रीचा एक फोटो म्हणजे १ अँपिअर, चार सेकंद, म्हणजे सुमारे १.१ मिलिअँपिअर-अवर. रात्रीत ५० फोटो आले तर ५५. एकूण दिवसाला ६० च्या आसपास.

आता ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून ६० टक्केच हिशेबात धरा: २,७०० मिलिअँपिअर-अवर. भागिले ६०, म्हणजे ४५ दिवस.

याच कॅमेऱ्यावर १५ सेकंदांचे ५० व्हिडिओ घेतले तर रोजचा खर्च २१५ च्या घरात जातो आणि तीच बॅटरी साडेबारा दिवसांत बसते. बॅटरी तीच, कॅमेरा तोच. पायरी १ आधी का, ते इथे दिसतं.

पायरी ४: बॅटरी निवडा, आणि कन्व्हर्टरपासून लांब राहा

कॅमेरा जितक्या व्होल्टचा, बॅटरी तितक्याच व्होल्टची. माझं मत या बाबतीत ठाम आहे.

६ व्होल्टच्या कॅमेऱ्याला ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी, म्हणजे इमर्जन्सी लाइटमध्ये किंवा लहान मुलांच्या बॅटरीच्या गाडीत असते ती. जळगाव-धुळ्यात इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळते. १२ व्होल्टच्या कॅमेऱ्याला यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची.

शेतकऱ्याकडे फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी असतेच, आणि मोह होतो तो तिचाच: ‘मधे व्होल्टेज कमी करणारं बोर्ड टाकू, झालं काम.’ बाजारात मिळणारं एलएम२५९६चं छोटं बोर्ड कॅमेरा झोपलेला असतानाही स्वतः ५ ते १० मिलिअँपिअर पीत राहतं. १० धरले तर दिवसाला २४० मिलिअँपिअर-अवर. कॅमेऱ्याला १२ व्होल्टच्या बाजूने रोज जेमतेम ३०-३५ लागतात. म्हणजे राखणदार खातो त्याच्या सातपट कुत्रा खातो. आठ अँपिअर-अवरचे वापरण्याजोगे ४,८०० धरले तर साडेसतरा दिवस मिळतील. वरच्या हिशेबातली त्याहून कितीतरी लहान ६ व्होल्टची बॅटरी ४५ दिवस चालत होती.

बोर्डाशिवाय गत्यंतरच नसेल तर झोपेत मिलिअँपिअरच्या हजाराव्या भागांत करंट घेणारं बोर्ड शोधा आणि घेतल्यावर मल्टीमीटर एकसर, म्हणजे वायरीच्या मधेच, जोडून स्वतः मोजा. नुसत्या पाटीवर विश्वास नको.

जास्त दिवस हवे असतील तर ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडा: प्लसला प्लस, मायनसला मायनस. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या आणि पूर्ण चार्ज केलेल्या. एक जुनी, एक नवी असं केलं तर जुनी नवीला खाली ओढते.

वजन कमी हवं आणि खिसा परवानगी देत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी चांगली. ६.४ किंवा १२.८ व्होल्टची येते, व्होल्टेज शेवटपर्यंत टिकवते. पण तिचा चार्जर वेगळा, लेड-अॅसिडचा तिला लावू नका. सुटे १८६५० सेल (लिथियमचे गोल सेल) टेपने बांधून केलेला जुगाड मात्र टाळा. खान्देशच्या उन्हात बंद डब्यात ते ठेवणं धोक्याचं आहे.

> तपासा: चार्जर काढून दोन-तीन तासांनी व्होल्टेज मोजा. ६ व्होल्टची भरलेली बॅटरी ६.३ ते ६.५ दाखवते, १२ व्होल्टची १२.७ ते १३. फवारणी पंपातून निवृत्त झालेली बॅटरी चार्ज केल्यावरही १२.३ च्या वर जात नसेल तर तिच्यावर वायर-पिनेचा खर्च करू नका.

पायरी ५: वायर, फ्यूज आणि पिन

रात्रीचे फोटो न येण्यामागे निम्म्या वेळा वायर असते. दिवसा करंट कमी म्हणून बारीक वायर निभावून नेते. रात्री दिवे लागले की १ अँपिअरच्या पुढे ओढ पडते आणि व्होल्टेज वायरीतच गळतं. अर्धा चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून कॅमेरा पाच मीटर. जाणं-येणं धरून दहा मीटर तांबं, त्यात १ अँपिअरला साधारण ०.३५ व्होल्ट जातात. १२ व्होल्टमध्ये हे खपतं. ६ व्होल्टमध्ये, त्यातही बॅटरी थोडी उतरली असताना, कॅमेरा दिवे लावता लावताच बंद पडतो.

वायर १ चौरस मिमी घ्या आणि दोन मीटरच्या आत ठेवा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त वायर घेऊ नका.

जोडण्याचा क्रम:

१. बॅटरीच्या प्लसपासून हाताच्या वितीच्या आत फ्यूजचं होल्डर. त्यात अजून फ्यूज घालू नका.
२. होल्डरपासून लाल वायर पिनेच्या प्लस स्क्रूला, मायनसपासून काळी वायर दुसऱ्या स्क्रूला. सीसीटीव्हीच्या पिनेवर प्लस-मायनस लिहिलेलं असतं आणि त्यात प्लस आत असतो. तुमच्या कॅमेऱ्याचा प्लस बाहेर असेल तर तारा उलट.
३. तारेची टोकं नीट पिळा आणि स्क्रू घट्ट करा.
४. आता ३ अँपिअरचा फ्यूज घाला. पिन अजून कॅमेऱ्यात नाही.
५. मल्टीमीटरचं लाल टोक पिनेच्या भोकात, काळं बाहेरच्या कड्याला. प्लस आतला असेल तर आकडा उणे चिन्हाशिवाय आला पाहिजे.

फ्यूज न लावणारे पुष्कळ आहेत, ‘एवढ्याशा बॅटरीने काय होतं’ म्हणून. एवढीशी लेड-अॅसिड बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल होते. होळीनंतर बांधावरचं गवत कसं वाळलेलं असतं ते सांगायला नको.

> सावधान: झटका मशीनच्या (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राच्या) बॅटरीवरून कॅमेऱ्याला तार ओढू नका आणि कॅमेऱ्याची वायर कुंपणाच्या तारेला टांगू नका.

पायरी ६: आतले सेल ठेवायचे की काढायचे

माहितीपत्रकात लिहिलेलं असेल तर तेच खरं. नसेल तर आतले सगळे सेल काढा, बाहेरची पिन लावा आणि सेलच्या कप्प्यातल्या टोकाच्या प्लस-मायनस पट्ट्यांवर मल्टीमीटर धरा. तिथे बाहेरच्या बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज दिसलं तर सेल आत ठेवू नका. बाहेरची बॅटरी त्यांना चार्ज करू पाहील, अल्कलाइन सेल गळतील आणि पट्ट्या हिरव्या होतील. व्होल्टेज नसेल तर ताजे सेल आत राहू द्या. बाहेरची बॅटरी बदलताना तारीख-वेळ जात नाही, आणि वानराने वायर उपटली तरी कॅमेरा चालू राहतो.

पायरी ७: घरी अंधारात एक रात्र

ही पायरी सगळे गाळतात. दिवसा ओसरीवर फोटो निघाला की कॅमेरा थेट मळ्यात जातो.

रात्री अंधाऱ्या खोलीत कॅमेरा लावा आणि दहा-बारा वेळा समोरून जा. एकाने पिनेच्या स्क्रूंवर मल्टीमीटर धरावा. दिवे लागतात त्या क्षणी ६ व्होल्टचा आकडा ५.५ च्या खाली जाऊ लागला तर वायर आखूड करा, स्क्रू पुन्हा आवळा किंवा बॅटरी बदला. साधा मीटर हळू असतो आणि क्षणाची घसरण हुकते, म्हणून ही चाचणी व्हिडिओवर ठेवून करा. दिवे जास्त वेळ पेटतात, आकडा स्थिर दिसतो.

रात्रभर तसाच ठेवून सकाळी व्होल्टेज पाहा. काही न करता ०.१ पेक्षा जास्त उतरलं असेल तर कुठेतरी काहीतरी वीज पितंय.

पायरी ८: डबा आणि त्याची जागा

लेड-अॅसिड बॅटरीचा खरा शत्रू जनावर नसून ऊन आहे. तापमान दर १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा सावलीत ४५ च्या आसपास, मग उन्हातल्या काळ्या डब्यात काय होत असेल? डबा पांढरा किंवा फिका घ्या. निंबाच्या किंवा बाभळीच्या खोडाच्या उत्तर बाजूला ठेवा आणि वरून पाचटाचा किंवा केळीच्या वाळक्या पानांचा थर द्या.

डबा पुरू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि डब्याभोवती खड्डा झाला की पाणी तिथेच साचतं. दोन विटांवर ठेवा.

वायर बाहेर काढायला डब्याच्या खालच्या बाजूला भोक पाडा आणि त्यात ठिबकचं रबरी ग्रोमेट बसवा. पुढची सगळी वायर १६ मिमीच्या लॅटरल नळीतून न्या. उंदीर आणि खार यांच्यापुढे उघडी वायर आठवडाभरही टिकत नाही. डबा पूर्ण हवाबंद मात्र नको. चार्ज होताना बॅटरीतून थोडा वायू निघू शकतो, म्हणून तळाशी एक बारीक भोक राहू द्या आणि त्यावर जाळी लावा, नाहीतर मुंग्या घर करतील.

> तपासा: कॅमेऱ्याजवळ वायरीला पिनेच्या पातळीखाली एक झोल आहे ना? नसेल तर पावसाचं पाणी वायरीवरून घरंगळत थेट भोकात जातं.

पायरी ९: शेतात जोडणी

क्रम असा: कॅमेरा खोडाला बांधा, तोंड आणि उंची ठरवा (रानडुकरासाठी गुडघ्याएवढी पुरते), कॅमेरा बंद ठेवूनच पिन लावा, मग डब्यात फ्यूज घाला, शेवटी कॅमेरा चालू करा. तारीख-वेळ बघा, समोरून चाला, फोटो आला का पाहा. काढताना उलट: कॅमेरा बंद, फ्यूज बाहेर, मग पिन.

हे सगळं स्वतःच्या शेतापुरतं. यावल किंवा अनेर धरण अभयारण्यात, किंवा कुठल्याही वनजमिनीवर कॅमेरा लावायचा तर वन विभागाची परवानगी लागते. फोटोत बिबट्या दिसला तर फोटो गावाच्या ग्रुपवर टाकण्याआधी वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

सोलर लावायचं का?

साध्या कॅमेऱ्याला बहुधा नको. महिन्या-दीड महिन्याने कार्ड काढायला जाणारच असाल तर बॅटरीही तेव्हाच बदला. सिमचा कॅमेरा असेल तर गोष्ट वेगळी: फोटो पाठवण्यात वीज जाते, रेंज कमी असेल तर जास्तच, आणि सातपुड्याच्या पायथ्याला रेंज कमीच असते.

१२ व्होल्टच्या कॅमेऱ्याला १० वॅटचं पॅनल पुरतं. पॅनल थेट कॅमेऱ्याला कधीच नाही. ‘१२ व्होल्ट’ लिहिलेलं पॅनल मोकळं असताना २१ व्होल्टपर्यंत देतं. मधे बॅटरी आणि चार्ज कंट्रोलर हवा. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, मग कॅमेरा. उलट क्रमाने जोडलं तर कंट्रोलर व्होल्टेज चुकीचं ओळखू शकतो. पॅनलचं तोंड दक्षिणेला, तिरकेपणा २०-२५ अंश, आणि केळीच्या सावलीबाहेर. कोपऱ्यावर पडलेली एका पानाची सावलीही निम्म्याहून जास्त वीज घालवते.

आत बॅटरी असलेलं तयार सोलर युनिट घेतलं तर त्यावर ६, ९, १२ व्होल्टचं बटण असतं. पिन लावण्याआधी ते बटण कुठे आहे ते पाहा, आणि मल्टीमीटरने खात्री करा.

बॅटरी कधी काढायची

६ व्होल्टची बॅटरी ६.० वर आली की, १२ व्होल्टची १२.० वर आली की काढून आणा. कॅमेरा बंद पडेपर्यंत वाट पाहू नका. एकदा तळाला गेलेली लेड-अॅसिड बॅटरी पुन्हा पूर्ण भरत नाही. घरी आणली की त्याच दिवशी चार्जला लावा. ४.५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअरचा चार्जर रात्रभर पुरतो. दुचाकीच्या बॅटरीचा १२ व्होल्टचा चार्जर ६ व्होल्टच्या बॅटरीला लावू नका.

मका पोळ्याच्या सुमारास कणसात येतो आणि डुकरांचा त्रास तेव्हाच वाढतो, म्हणून पावसाळ्यात कॅमेरा काढून ठेवणं जमत नाही. त्या दिवसांत दर खेपेला पिन बाहेर काढून हिरवट थर आला का बघा. आला असेल तर कोरड्या ब्रशने घासा आणि किंचित पेट्रोलियम जेली लावा. हंगाम संपल्यावर बॅटरी फ्यूज काढून, पूर्ण चार्ज करून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा.